आतून लागणारी कडी

"वहिनी, कडी बाहेरून आहे की चांगली. आतून कशाला पाहिजे?" सुतारमामांनी विचारलं आणि मला चटकन उत्तरच सुचलं नाही.

आमच्या जळगावच्या घरामागे परसात एक पत्र्याची शेड आहे. दहा बाय बारा फुटांची. सासऱ्यांनी शेतीचं सामान ठेवायला बांधलेली. वखर, कोळपं, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, रिकामी पोती, मोडकी सायकल, मुलांच्या पाळण्याचे दांडे, काय नव्हतं तिथे! सासरे गेले, शेती बटाईने दिली, सामान मात्र तिथेच राहिलं. अशा शेडला कडी नेहमी बाहेरूनच असते. सामानाला आतून कडी लावायची गरज पडत नाही ना! मी सुतारमामांना एवढंच म्हटलं, "मामा, आता इथे सामान नाही राहणार. दुपारची मी बसणार आहे."

"घरात भांडण झालं का काय?" त्यांनी हसत विचारलं.

भांडण झालं नव्हतं. पण घराच्या मागच्या दारापासून वीस पावलांवर असलेल्या त्या शेडपर्यंत पोहोचायला मला लग्नानंतर बावीस वर्षं लागली, हे मात्र खरं.

"पसारा उचल!"

मला गोधड्या शिवायचा नाद आहे. माहेर धुळ्याचं. आई उन्हाळ्यात गोधड्या शिवायची, तिच्याजवळ बसून सुईत दोरा ओवून देता देता मीही शिकले. ज्यांनी गोधडी शिवली आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. जुन्या सुती साड्या, धोतरं धुऊन, वाळवून एकावर एक जमिनीवर अंथरायची. चारी कोपरे ताणून एकेक सुरकुती हाताने काढायची. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे आणि नंतर कडेकडेने आत येत बारीक धावदोरा घालायचा. एकदा अंथरलेली गोधडी निदान कच्चे टाके होईपर्यंत हलवायची नसते. हलली की मधला थर गोळा होतो. वरून काही दिसत नाही, पण पांघरणाऱ्याच्या अंगाला ती गाठ कायमची टोचत राहते.

आता सांगा, मध्यमवर्गीय घरात चार दिवस जमीन अडवून ठेवणं कुणाला परवडतं? हॉलमध्ये अंथरली की पाहुणे येणार. बेडरूममध्ये अंथरली की मुलाची वाट अडणार. "आई, पसारा उचल ना," हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकायची. उचलायची, परत अंथरायची. शेवटी एक मोठी गोधडी पुरी व्हायला दीड वर्ष लागलं. तेव्हापासून नादच सोडून दिला म्हणा ना.

मग आला मार्च २०२०. लॉकडाऊन लागला आणि सगळं घर घरात बसलं. ह्यांचं ऑफिसचं काम जेवणाच्या टेबलावर, मुलाचं ऑनलाइन कॉलेज बेडरूममध्ये, सासूबाई खिडकीजवळच्या त्यांच्या कॉटवर. एका दुपारी हातात पुस्तक घेऊन मी घरभर फिरले आणि लक्षात आलं, या घरात प्रत्येकाची एक ठरलेली जागा आहे. माझी कोणती? स्वयंपाकघर. म्हणजे कामाची जागा. काम संपल्यावर बसायची जागा कुठेच नव्हती. आपण घर चालवतो, घराची किल्ली आपल्या कमरेला असते, म्हणून सगळं घर आपलंच आहे असं वाटत राहतं आणि त्या नादात आपल्यासाठी एक कोपराही राखून ठेवायचा राहून जातो.

बी. ए.ला असताना आमच्या सरांनी व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेबद्दल सांगितलं होतं. १९२९ साली तिचं एक छोटंसं पुस्तक आलं. बाईला लिहायचं असेल तर तिच्याकडे स्वतःचे थोडे पैसे हवेत आणि स्वतःची एक खोली हवी, असं तिचं म्हणणं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरले. पुढे कधीतरी वाचलं की ती स्वतः आपल्या खेड्यातल्या घराच्या बागेतल्या एका लाकडी खोलीत बसून लिहायची. म्हणजे ही एवढी मोठी लेखिका शेवटी परसातल्या शेडमध्येच जाऊन बसली की!

लांब कशाला जा? आपल्या जळगावचंच बघा. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० सालचा, जवळच्या आसोद्याचा. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. गाणी सुचायची ती दळताना, शेतात राबताना. मुलगा सोपानदेव आणि एका मावसभावाने ती जमतील तशी उतरून घेतली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि त्यानंतर सोपानदेवांनी तो कागदांचा ठेवा आचार्य अत्र्यांना दाखवला, म्हणून १९५२ साली पुस्तक झालं. आज चौधरी वाड्यातलं त्यांचं घर स्मारक म्हणून जपलं आहे. त्यांच्या वापरातल्या वस्तू तिथे बघायला मिळतात. २०१८ साली आपल्या विद्यापीठालाही त्यांचं नाव दिलं. मी बचत गटाच्या बायकांना घेऊन ते घर बघायला गेले होते. जात्यासमोर उभी राहून एक बाई हळूच म्हणाली, "ताई, जी गाणी कुणी लिहून घेतली नाहीत, ती कुठे गेली असतील?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बहिणाबाईंची प्रतिभा आपल्यात नाही हे मान्य. पण ज्यांना बसायला जागा नव्हती, त्यांचं काय काय हवेत विरून गेलं असेल, हा विचार त्या दिवशी मनात रुतला तो रुतलाच.

भाडं की छंद?

शेडचा विषय मी घरात काढला तेव्हा आधी सगळे हसले. मग हिशेब सुरू झाला. "गल्लीतला इस्त्रीवाला विचारत होता, महिना दीड हजार द्यायला तयार आहे," इति आमचे हे. मुलाला तिथे गाडी लावायची होती. सासूबाईंचं माहेर पारोळ्याकडचं, बोलणं सगळं अहिराणीत. त्या म्हणाल्या, "घरमा इतली जागा शे, तुले आठे कसाले बसनं शे?"

दीड हजार म्हणजे वर्षाचे अठरा हजार. आमच्यासारख्या घरात ही रक्कम लहान नाही. मी गप्प बसले. मग धीर करून म्हटलं, "मी तिथे शिवणाचा क्लास घेईन. दीड हजाराच्या वर मिळवून देईन." हे वाक्य ऐकलं आणि घर लगेच राजी झालं. मैत्रिणींनो, ही चूक माझी. ती पुढे मला कशी भोवली ते सांगतेच. आधी शेड कशी उभी केली ते सांगते, कारण परसात अशी एखादी पडीक खोली असलेल्या बऱ्याच जणी असतील.

पत्र्याखालचं घर

पहिलं काम आवराआवरीचं. हे काम हिवाळ्यात, भर उजेडात करा. हातात मोजे, पायात बूट आणि एक लांब काठी हवीच. आमच्याकडे पोत्यांखाली विंचू निघाले. साप दिसला तर शूरपणा नको, सरळ सर्पमित्राला बोलवा. सामानाचे तीन ढीग करा: ठेवायचं, द्यायचं, भंगारात घालायचं. आमच्या भंगाराच्या ढिगात एक पत्र्याची पेटीही होती. उघडली तर सासऱ्यांची धुतलेली धोतरं, एकावर एक नीट घड्या घालून ठेवलेली. हे म्हणाले, "बोहारणीला देऊन टाक, एखादं पातेलं येईल." सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी पेटी त्यांच्या कॉटखाली गेलेली होती.

दुसरं काम छपराचं. दार लावून, अंधार करून आत उभं राहायचं. जिथून उन्हाची तिरीप येते तिथूनच पावसाचं पाणी येणार. आमच्या बहुतेक फटी खिळ्यांच्या भोवतीच होत्या. खिळे, वायसर बदलले आणि गळती थांबली. पत्रा लोखंडी नसून जुना सिमेंटचा असेल तर मात्र जपून. त्यात बऱ्याचदा ॲसबेस्टॉस असतं. तो कापला, भोकं पाडली की जी धूळ उडते ती फुप्फुसांना घातक असते. त्याला हात न लावता जाणकाराला विचारा.

मग आपल्या खान्देशचं खरं दुखणं, म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा पत्र्याखाली माणूस भाजूनच निघेल. आम्ही तीन उपाय केले. छपराला वरून चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात दिले. पांढरा रंग ऊन परतवून लावतो, एवढं साधं गणित आहे. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो. दुसरा उपाय आतून. पत्र्याखाली जवळजवळ एक हात जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत केलं आणि दोन्ही टोकांना वर जाळी ठेवली. तापलेली हवा पत्रा आणि तट्ट्यांच्या मधून बाहेर निघून जाते, डोक्यावर येत नाही. काही जण थर्माकोल लावायचा सल्ला देतात. तो पटकन पेट घेतो, म्हणून मी लावला नाही. तिसरा उपाय पश्चिमेकडचा. दुपारनंतरचं ऊन त्याच भिंतीवर येतं. तिकडे चार बांबू रोवून गिलक्याचा वेल चढवला. सावलीही मिळाली आणि भाजीही.

आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून साधा पाण्याचा कूलरही इथे चांगलं काम करतो. फक्त समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर आत नुसता दमटपणा साठतो. हे सगळं करूनही मे महिन्यात दुपारी एक ते चार मी तिथे बसत नाही, हेही कबूल करते. तेव्हा सकाळी सहा ते नऊ ही माझी वेळ.

जमिनीचं म्हणाल तर आपली काळी माती मोठी लबाड. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी उखडते. आम्ही वरची माती काढून मुरूम भरला, चांगला धुमसून घेतला आणि वर शहाबादी फरशी टाकली. उंबरा वीतभर उंच केला, म्हणजे परसातलं पाणी आत येत नाही. उत्तरेकडच्या उतारावर एका पत्र्याच्या जागी पारदर्शक फायबरचा पत्रा बसवला. तिकडून थेट ऊन कमी येतं आणि बारीक टाका घालायला हवा तसा शांत उजेड मिळतो. समोरासमोर दोन खिडक्या केल्या. त्या भंगार बाजारातून जुन्याच आणल्या, जाळी मात्र नवी लावली.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नका, हे हात जोडून सांगते. पत्र्याच्या खोलीत एक उघडी तार भिंतीला टेकली तर सगळी भिंतच करंट मारू शकते. परवानाधारक वायरमनकडूनच काम करून घ्या. तारा पाइपमधून, शेडसाठी वेगळं बटण, सांगाड्याला अर्थिंग आणि गळका करंट लागताच वीज तोडणारी ईएलसीबी, एवढं हवंच. हिटर, शेगडी तिथे नको. कापडचोपड असलेली जागा आहे.

सगळ्याचा खर्च आला सव्वीस हजार. माझी भिशी लागली होती, त्यात ब्लाऊज शिवून जमवलेले घातले. कुणापुढे हात पसरला नाही. आणि शेवटी सुतारमामांनी दाराला आतून कडी बसवली, ऐंशी रुपयांची. सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आणि सगळ्यात जास्त चर्चा तिचीच! शेजारच्या काकूंनी तर विचारलंच, "दार लावून काय करते गं आत?" पहिल्या दिवशी कडी लावताना माझाही हात अडखळला. काहीतरी चोरून करतो आहोत असं वाटलं. पाच मिनिटांत उघडून बाहेर बघून आले, कुणी हाक तर मारली नाही ना!

"याचा उपयोग काय?"

आता माझ्या चुकीकडे येते. कबूल केल्याप्रमाणे क्लास सुरू केला. चौदा मुली, दोन बॅचेस. मशिनी खडखडायला लागल्या. पैसे येऊ लागले, घरचे खूश. मुलीही गुणी होत्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या गोधडीसाठी हा सगळा खटाटोप केला, ती घडी होऊन फळीवर जाऊन बसली. घरात "पसारा उचल" म्हणणारे दुसरे होते, इथे मीच स्वतःला म्हणू लागले, "उचल, मुली येतील." चार महिने गेले. शेड झाली, कडी झाली, पण दार दिवसभर सताड उघडं.

त्या दिवसांत बचत गटाची सहल चाळीसगावला नेली. तिथे स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे, आता त्याचं संग्रहालय केलं आहे. १९१२ साली जन्मलेला हा कलावंत, चित्रकार आणि छायाचित्रकार. आयुष्याची कित्येक दशकं ते त्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड-सावलीचा खेळ करून त्यांनी काढलेली छायाचित्रं जगभर नावाजली गेली. १९८९ साली ते गेले. त्या घरात फिरताना बायका थक्क झाल्या. एक म्हणाली, "आपण असं घरात बसून चित्रं काढली असती तर लोकांनी येडी म्हटलं असतं." सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. पुरुष कलावंत अख्खं घर छंदाला देतो तेव्हा आपण त्याला साधना म्हणतो, आणि बाईने दहा बाय बाराची शेड मागितली तर आधी विचारतो, महिन्याला किती सुटतील? आणि हे मला दुसऱ्या कुणी विचारण्याआधी मीच उत्तर देऊन मोकळी झाले होते.

परतल्यावर आठवड्याभरातली गोष्ट. क्लास सुटला होता. सासूबाई काठी टेकत शेडच्या दारात आल्या. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. चहूकडे बघून म्हणाल्या, "तुनी गोधडी कोठे गई व माय?"

मी फळीकडे बोट दाखवलं. त्यांनी ती खाली घ्यायला लावली, फरशीवर पसरली आणि डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवला. एका जागी हात थांबला. "हाई थर गोया व्हई गया." चार महिने घडीत राहून मधला थर गोळा झाला होता. मग त्या तिथेच बसल्या आणि सांगू लागल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात अठरा माणसं. दिवसभर राबून झाल्यावर रात्री कंदिलाच्या उजेडात त्या गोधडी शिवायच्या. त्यांच्या सासूबाई रॉकेल जळतं म्हणून कंदील मालवून टाकायच्या. एकदा अर्धी गोधडी उंदरांनी कुरतडली. तेव्हापासून सुई हातात घेतली नाही ती नाहीच. पुढे अगदी सहज म्हणाल्या, "मले कोनी कधी इचारंच नही, तुले काय आवडस." मला कुणी कधी विचारलंच नाही, तुला काय आवडतं म्हणून.

बावीस वर्षं मी त्यांच्यासोबत एका घरात राहतेय. मीही विचारलं नव्हतं.

हिशेब बंद

त्या रात्री मी ह्यांना सांगितलं की क्लास शेडमधून हलवते आहे. गटाची खोली सकाळी रिकामीच असते, तिथे भरेल. आमच्यातलीच एक जुनी विद्यार्थिनी आता चांगली शिकवते, ती चालवेल आणि फीदेखील तीच घेईल. तिलाही गरज होती.

"म्हणजे शेडमधून आता काहीच येणार नाही?" ह्यांनी विचारलं.

"नाही येणार," मी म्हटलं. मैत्रिणींनो, हे दोन शब्द उच्चारायला मला किती जड गेलं म्हणून सांगू! घरासाठी चार पैसे मिळवणं मला येतं, पण मिळणारे पैसे सोडणं कधी शिकलेच नव्हते. मग धीर करून पुढे म्हटलं, "तुम्ही रोज सकाळी फिरायला जाता, मग मित्रांबरोबर तासभर कट्ट्यावर बसता. त्यातून काय येतं, असं मी कधी विचारलंय का?"

दोन दिवस घरात जरा शांतता होती. तिसऱ्या दिवशी रविवार. सकाळी परसात खुडबुड ऐकू आली म्हणून बघते तर हे शिडीवर चढून छपराला चुना देताहेत. मार्च उजाडला होता. आम्ही दोघंही त्या विषयावर पुन्हा काही बोललो नाही.

माझं हे सगळं वाचून कुणी वाटेल ते अर्थ काढू नका हं. कमाई करू नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः बचत गटाचं काम करते, बाईच्या हातात पैसा हवाच. ज्या बाईची चूलच शिवणावर पेटते तिला शेड मिळाली तर तिने जरूर क्लास घ्यावा. माझं म्हणणं इतकंच की कमाईची जागा आणि छंदाची जागा एकच ठेवली, तर छंद उठून बाहेर जातो. जागा नसेल तर वेळ तरी वेगळी ठेवा.

शेड नसेल तर?

तुम्ही म्हणाल, तुमच्याकडे परस आहे, आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, आम्ही काय करायचं? माझी धाकटी बहीण धुळ्याला देवपुरात राहते. तिसरा मजला, दोन खोल्या. तिला पेटी वाजवायचा नाद. घरात पेटी काढली की कुणाचा अभ्यास, कुणाची सिरीयल. तिने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालची जागा हेरली. इमारतीतल्या सगळ्यांना आधी विचारलं, हे महत्त्वाचं, म्हणजे पुढे कटकट होत नाही. टाकीमुळे डोक्यावर सावली असते. दोन बाजूंना गोणपाटाचे पडदे, खाली सतरंजी, झालं! पेटी मात्र ती रोज खाली घेऊन येते, कारण उन्हाने आणि ओलाव्याने पेटीचे सूर बिघडतात. संध्याकाळी सहा ते सात ती वर असते. घरच्यांनी फोन केला तर उचलत नाही. "तेवढ्या वेळात आभाळ कोसळलं तर टाकी आहे की वर," असं म्हणते!

बर्नार्ड शॉ या प्रसिद्ध नाटककाराचा एक किस्सा तिला फार आवडतो. इंग्लंडमध्ये त्याच्या बागेत लिहायची एक छोटीशी खोली होती, उन्हाच्या दिशेने फिरवता येणारी. तिला त्याने नाव दिलं होतं 'लंडन'. कुणी भेटायला आलं की घरचे सांगायचे, साहेब लंडनला गेलेत. म्हणजे खोटंही बोलावं लागत नसे! बहिणीने आपल्या टाकीखालच्या जागेचं नाव ठेवलंय 'पुणे'. शेजारीण विचारायला आली की भाचा गंभीर चेहऱ्याने सांगतो, "आई पुण्याला गेलीये, सात वाजता येईल."

जिन्याखालची जागा असेल, बाल्कनीचं टोक असेल, माळा असेल, नाहीतर नुसती एक ट्रंक असेल, जिला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सुरुवात तिथूनही होते. आणि हो, आपल्यासाठी अशी जागा शोधताना घरातल्या दुसऱ्या बाईकडेही एकदा बघा. सासू असेल, नणंद असेल, मोठी झालेली मुलगी असेल. तिला एकदा विचारून बघा, तुला काय आवडतं? उत्तर लगेच येणार नाही. बऱ्याच वर्षांनी प्रश्न विचारला की उत्तर सापडायला वेळ लागतो.

आमच्याकडे आता शेडच्या वेळा वाटून घेतल्या आहेत. सकाळ माझी, दुपार सासूबाईंची. कॉटखालची ती पेटी त्यांनी शेडमध्ये आणून ठेवली. सासऱ्यांच्या धोतरांची गोधडी चालली आहे. नजर आता तेवढी साथ देत नाही, म्हणून सुईत दोरा मी सकाळीच ओवून ठेवते, दहा-बारा सुया एका रांगेत. टाके वाकडे जातात, पण थर कुठेही गोळा झालेला नाही. मी हात फिरवून बघितलंय.

परवा दुपारी चहा घेऊन गेले, तर दार आतून बंद. मी वाजवलं.

"थांब, टाका चाली ऱ्हायना," आतून आवाज आला.

मी कप झाकून ठेवला आणि गिलक्याच्या वेलाखाली पायरीवर बसून राहिले.